चाकाच्या खांद्यावरचा खडू

तर शिंपी मागच्या सीटवर मधोमध बसला, आणि ती पिवळी गाडी अशी दबली की म्हशीनं पाण्यात बसकण मारावी. त्याच्या एका अंगाला न्हावी, दुसऱ्या अंगाला शेजारचा कुलूपवाला, पुढे गाडीचा मालक, आणि खिडकीशी वाकून खडूमास्तर सांगताहेत, "आता स्टिअरिंग पार डावीकडे. अजून. थांबेल तिथपर्यंत. हां, आता मागे घ्या, दारातल्या त्या उंचवट्यावरून."

मालक वैतागलेला. "मास्तर, चाकं तपासताय की वऱ्हाड बसवताय?"

"वऱ्हाडच समजा. कुठे अडणार ते दारातच कळलेलं बरं."

"मला आठवड्यातून तीनदा बसवतात," शिंपी आतून ओरडला. "बायको म्हणते, शिवणकाम सोडा आणि वजन म्हणूनच नोकरी धरा."

गाडी उंचवट्यावरून मागे आली. मास्तरांनी मडगार्डच्या आत बॅटरी मारली. आतल्या पत्र्यावर पांढरा पट्टा उमटला होता, चांगला बोटभर रुंद. मालकानं वाकून पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. रिकाम्या गाडीत तिथे काहीच लागत नव्हतं. चार माणसं घालून हा वेगात पहिल्या खड्ड्यात गेला असता, तर पत्र्याच्या कडेनं नवाकोरा टायर काकडीसारखा सोलून निघाला असता.

खडूमास्तर हे नाव गल्लीनं ठेवलेलं. शाळेत शिकवणं राहू द्या, सातवीच्या पुढचा वर्गही त्यांनी पाहिला नव्हता. पण तीस वर्षं ते एकच काम करत आले: जोरदार इंजिनाच्या, बुटक्या, जमिनीला पोट टेकवून धावणाऱ्या गाड्यांना रुंद चाकं बसवणं. कंपनीचं चाक काढायचं, रुंद रिम आणि त्यावर रुंद टायर चढवायचा. रस्त्याला पकड चांगली मिळते, आणि गाडी छाती काढलेल्या पैलवानासारखी दिसते ती वेगळीच. पण वाढलेली रुंदी जाते कुठे? थोडी बाहेर, थोडी आत. बाहेर मडगार्डचा पत्रा, आत स्प्रिंग, सळ्या आणि ब्रेकचा रबरी पाइप. गाडी रिकामी उभी असते तोवर सगळे गुण्यागोविंदानं नांदतात. माणसं बसली, स्प्रिंग दबली, चाक वळलं, की कोण कोणाच्या अंगावर जातं ते दिसतं. म्हणून मास्तर टायरच्या खांद्यावर खडू फासायचे. खांदा म्हणजे टायरचं रस्त्याला टेकणारं तोंड संपून बाजू सुरू होते ती कड. मग गाडी माणसांनी भरायची, स्टिअरिंग दोन्हीकडे पार वळवायचं आणि खडू कुठे लागला ते शोधायचं. त्याशिवाय चावी कोणाच्या हाती द्यायची नाही, मग समोर कोणी का असेना.

हा नेम उगाच धरला नव्हता. उमेदीच्या वर्षांत त्यांनी एक गाडी रिकामीच तपासून दिली होती. दुसऱ्या दिवशी ती ट्रकवर लादून दारात आली. पुढचं एक चाक नव्हतं. मागच्या सीटखाली लहान मुलाचा एक बूट पडला होता. आत कोण होतं, त्यांचं काय झालं, हे ट्रकवाल्याला विचारायला मास्तरांचं तोंड उघडलं नाही. पुढे कधी तो ट्रकवाला रस्त्यात दिसला, तरी ते पलीकडच्या बाजूनं जायचे.

अशा माणसाच्या हातून त्या दिवशी काय घडलं, ते आता ऐका.

मास्तरांना एकच लेक. जावई हौशी गडी, गाडी म्हणजे जीव की प्राण. तीन वर्षांपूर्वी तो मित्रांना घेऊन दुकानात आला होता. गाडी आधीच नको तेवढी खाली बसवलेली, आणि वर त्याला सगळ्यांत मोठी चाकं हवी होती. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "जावईबापू, या गाडीला ही चाकं म्हणजे बोकडाला हत्तीचे पाय." मित्र खो खो हसले. जावई हसला नाही. त्यानं गाडी वळवली आणि तो पुन्हा या रस्त्याला फिरकला नाही. लेक यायची ती वर्षातून दोनदा, चप्पल न काढता, उंबऱ्यावरूनच बोलून जायची. नात तर मास्तरांनी फोटोतच मोठी होताना पाहिली.

आणि परवा लेकीचा फोन आला. नवी गाडी घेतलीय, चाकं तुमच्याकडूनच बसवायची म्हणताहेत.

सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली, "आज तोंड सांभाळा. तो आपल्या पायांनी येतोय."

"मी काय चावतो की काय त्याला?"

"चावलात तर बरं. जखम भरून येते. तुमचं बोलणं तीन वर्षं भरून आलेलं नाही. आणि हे बघा, ती शिंप्याची जत्रा आज गाडीत भरू नका. त्याला वाटेल, पुन्हा चारचौघांत परीक्षा घेताय."

जावई आला. गाडी राखाडी, पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या मगरीसारखी. दारातच वाकून म्हणाला, "कसे आहात, बाबा?"

तीन वर्षांनी 'बाबा'. मास्तरांच्या हातातला पाना दोनदा निसटला.

काम मात्र त्यांनी मन लावून केलं. जुनी चाकं उतरवली, बसणीच्या जागा घासून लख्ख केल्या, नवी चढवली, एकेक नट समोरासमोरच्या क्रमानं आवळला. सवयीनं खांद्यावर खडूही फासला. रिकाम्या गाडीत स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे पार वळवलं. कुठेच काही नाही. पुढच्या डाव्या चाकाच्या आत मात्र ब्रेकचा पाइप आणि टायर यांत एका करंगळीचं अंतर उरलं होतं. मास्तर तिथे उकिडवे बसून राहिले.

"झालं ना, बाबा?" जावयानं घड्याळ पाहिलं. "ती आणि पोरगी चढाच्या तोंडाशी देवळात थांबल्यात, त्यांना घेऊन निघायचंय. डोंगर ओलांडून पलीकडे चाललोय दोन दिवस. तिकडच्या पायथ्याशी सगळे मित्र आपापल्या गाड्या घेऊन जमणारेत."

"पाच मिनिटं... एकदा माणसं बसवून..."

जावयाच्या कपाळावर बारीकशी आठी आली. आलीही असेल, नसेलही. मास्तरांना दिसली एवढं खरं. समोरच्या दुकानात शिंपी सवयीनं कात्री ठेवून उठलाच होता. मास्तरांनी त्याला हातानंच 'बस' म्हणून खुणावलं, आणि चावी जावयाच्या तळहातावर ठेवली.

"परत येताना मुक्कामाला येऊ," जावई म्हणाला.

गाडी मागे निघाली, उंचवट्यावरून गेली, पार वळली. तेवढ्यात आवाज झाला. कापडात नख अडकावं, तेवढाच. जावयानं काचा चढवून गाणी लावली होती. गाडी गेली.

मास्तर जागचे हलले नाहीत. शिंपी बाहेर येऊन म्हणाला, "आज माझी रजा का? जावयाच्या गाडीला माझं वजन चालत नाही वाटतं!" मास्तर खाली वाकून फरशीवरून हात फिरवत होते. उंचवट्याच्या अलीकडे त्यांना एक काळी साल सापडली, पेन्सिल तासल्यावर निघते तशी. ती त्यांनी चिमटीत चोळली. टायरचं रबर असतं तर खरखरीत लागलं असतं. ही साल गुळगुळीत होती, आणि तिच्या आतल्या बाजूला सुताचा एक धागा चिकटला होता. टायरच्या तोंडावर असा धागा येत नाही. ब्रेकच्या पाइपात येतो.

एकटा माणूस आत असताना एका वळणात एवढी साल निघाली होती. आता आत तिघं बसणार, वर सामान. आणि डोंगराच्या रस्त्याला बावीस वळणं, त्यातली निम्मी अशी की स्टिअरिंग पार वळवल्याशिवाय गाडी फिरतच नाही.

त्यांनी जावयाला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, तर कापला गेला. मग लेकीला लावला. मागे गाणी, आणि नातीचा सूर लावून ओरडण्याचा आवाज.

"बाबा, आम्ही निघालोसुद्धा. चढ लागलाय."

"गाडी थांबवा. आत्ता, आहे तिथे."

गाण्यांचा आवाज तसाच. लेकीचा आवाज मात्र एकदम खाली आला. "बाबा, आज नाही. ते किती खुशीत आहेत माहितीय? आज काही काढू नका ना."

"अगं, पाइप..."

"वर चहाला थांबणार आहोत. तिथून करते फोन." आणि रेंज गेली.

मास्तरांनी दुकान उघडंच टाकलं. शिंप्याला ओरडून सांगितलं, "लक्ष ठेव रे," आणि जुनी व्हॅन काढली.

चढाला ब्रेकचं काम नसतं. व्हॅन घरघरत वर जात होती आणि मास्तर स्वतःला हेच बजावत होते. चढताना पाइप नुसता सोलला जाईल. फुटेल तो ब्रेकवर पाय दाबून धरला की. म्हणजे माथ्याच्या पलीकडे. माथ्यावर ते चहाला थांबतील. थांबतीलच. नातीला भूक लागेल. नाहीतर जावयाला सिगारेट आठवेल. त्याची सिगारेट सुटावी म्हणून मास्तरांनी एके काळी काय काय बोलणी सुनावली होती! आज ती त्यानं सावकाश, पार बोटं भाजेपर्यंत ओढावी, असं त्यांना वाटत होतं.

सातव्या वळणावर त्यांना डांबरावर एक काळा फराटा दिसला, ताजा, रुंद टायरचा. अकराव्यावर तसाच दुसरा. पोरगा वळणं मजेत घेत होता, पकड किती छान बसलीय ते अजमावत होता. काम चोख झालं होतं ना! पंधराव्या वळणानंतर त्यांनी मोजायचं सोडलं.

माथ्यावर चहाची टपरी होती, आणि टपरीपुढे राखाडी गाडी. तिचं इंजिन सुरू होतं. नात मागे पट्टा लावून बसलेली. लेक दार उघडून आत बसायच्या बेतात. जावयानं सिगारेट बुटाखाली चिरडली आणि मागून आलेली व्हॅन पाहिली.

मास्तर थेट गाडीपाशी गेले, रस्त्यावर उताणे झाले आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आत डोकं घातलं. बॅटरीच्या उजेडात पाइपाच्या अंगावर खडूची पांढरी खूण होती. खुणेच्या मधोमध रबर सोलून आतले धागे बाहेर आले होते. त्या धाग्यांवर तेलाचा एक थेंब होता. मास्तरांनी तो बोटानं पुसला. क्षणभर कोरडं राहिलं. मग थेंब पुन्हा आला.

"बाबा, उठा ना," लेक म्हणाली. "लोक बघताहेत."

तिनं खाली वाकून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर कोणाच्या बाजूनं बोलायचं ते तिथल्या तिथे ठरवावं लागलं असतं.

"ब्रेकचा पाइप सोललाय," मास्तर जमिनीवरूनच म्हणाले. "तेल येतंय. उतारावर पाय दाबलात की हा फुटणार. गाडी इथेच ठेवा, ट्रकवर घालून खाली नेऊ. तुम्ही तिघं माझ्या व्हॅनमधून चला."

"थोडं खरचटलं असेल." जावई हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. "एवढा डोंगर चढून आलीच ना वर?"

"चढताना ब्रेक किती वेळा मारलात?"

टपरीवरचे दोघंतिघं कप हातात घेऊन जवळ सरकले. त्यातला एक म्हणाला, "काय झालं हो? नवीच दिसतेय गाडी." नातीनं काचेवर हात आपटला, "आजोबा, तुम्ही गाडीखाली काय करताय?" तिनं त्यांना फोटोवरूनच ओळखलं असावं.

"खाली पंधरा माणसं माझी वाट बघताहेत," जावई दबक्या आवाजात म्हणाला. "नवी गाडी ट्रकवर लादून गेलो, तर जन्मभर हसतील. तुम्हाला तेच हवंय. त्या दिवशी चारचौघांत हसं केलंत, आज डोंगरावर येऊन करताय. मी आपणहून तुमच्या दारात आलो होतो. आता सांगून ठेवतो, मी तुमच्यापासून बाजूला झालो, तर ही आणि पोरगीही तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाहीत."

दाराच्या कडेवरचा लेकीचा हात निघाला, आणि ती मागच्या दाराकडे वळून नातीच्या पट्ट्याशी येऊन थांबली. पट्टा तिनं सोडला नाही. नुसता हात ठेवला.

मास्तर उठून बसले, उभे राहिले नाहीत. पाठ डांबरानं काळी झाली होती. ते त्याच डाव्या चाकापुढे मांडी घालून बसले.

जावई त्यांच्यावर वाकला. "एवढं सगळं कळत होतं ना तुम्हाला, मास्तर? तीस वर्षांचा अनुभव ना? मग सकाळी चावी दिलीत कशाला?"

"तुम्हाला भ्यालो, म्हणून दिली. तीन वर्षांनी बाबा म्हणालात आणि माझी जीभच उचलेना. चूक माझी आहे, खाली पंधराजणांना तसंच सांगा, हवं तर मी येऊन सांगतो. आता घरी आला नाहीत तरी चालेल, लेकीला पाठवली नाहीत तरी चालेल. पण त्या दोघी माझ्या व्हॅनमध्ये बसेपर्यंत मी या चाकापुढून उठत नाही."