सोळा वाजले

गाडीच्या चाकाला दिशा असते तसा झुकावही असतो, आणि दोन्ही मोजता येतात, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले. शिकवणारा माझा विद्यार्थी होता. गिरगावातल्या आमच्या मराठी शाळेत तो भूमितीत जेमतेम पास झाला होता. आता परळच्या एका गल्लीत, बंद गिरणीच्या भिंतीला लागून, त्याचे गॅरेज आहे. जुन्या पण वेगवान जपानी गाड्या तो रस्त्यासाठी आणि रेसच्या ट्रॅकसाठी घडवतो. मी निवृत्त झाल्याचे कळल्यावर तो लालबागला घरी आला.

"बाई, गाडी मला कळते. पण मी काय केलं ते दोन महिन्यांनी माझं मलाच आठवत नाही. तुम्ही आम्हाला प्रयोगवही लिहायला लावायचात ना? तसलं काहीतरी करून द्या."

"तू एकही प्रयोगवही वेळेवर दिली नाहीस."

"म्हणून तर आलोय."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मी गॅरेजमध्ये जाऊन बसू लागले. पहिल्या दिवशी त्याने गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड उभे केले आणि चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोन दोऱ्या ताणल्या, एकमेकींना अगदी समांतर. मग पोलादी पट्टीने रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर घेतले, नंतर मागच्या कडेपासूनचे. पुढची कड दोरीच्या जवळ असेल तर चाक बाहेर पाहते आहे, दूर असेल तर आत. दोन अंतरांतला फरक मिलिमीटरमध्ये लिहायचा.

"हा तर समांतर रेषांचा धडा झाला," मी म्हणाले.

"हो ना. तेव्हा दोरी दाखवली असतीत तर कळला असता."

ते वाक्य त्याने सहज उच्चारले आणि पुन्हा गाडीखाली गेला. मी मात्र ते अजून विसरलेले नाही. तीस वर्षे मी फळ्यावर रेषाच काढत होते.

वहीत आम्ही प्रत्येक गाडीसाठी दोन रकाने केले, 'रस्ता' आणि 'ट्रॅक'. ट्रॅकवर वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते. चाकांचे माथे आधीच थोडे आत झुकवून ठेवले, तर त्या कलण्यात टायर जमिनीवर सपाट बसतो आणि पकड मिळते. पण तोच झुकाव घेऊन रोज लालबाग ते दादर फिरलात, तर टायर आतल्या कडेने झिजून जातो. शिवाय गाडी फार खाली बसवली, तर पहिल्याच गतिरोधकावर पोट घासते. म्हणून एकाच गाडीचे दोन संसार, आणि दोन्हींचे आकडे वेगळे. मी त्याला एकच नियम घातला, एका वेळी एकच बदल. स्प्रिंगही बदलली आणि टायरमधली हवाही बदलली, तर सुधारणा कशाने झाली हे कोण सांगणार? त्याने नियम पाळला. गॅरेजमध्ये मी कच्च्या वहीत लिहायचे आणि घरी येऊन पक्क्या वहीत उतरवायचे.

त्याचीही एक शिस्त होती. चाक बसवताना नट आधी साध्या पान्याने टेकवायचे, मग टॉर्क रेंचने आवळायचे. हा लांब दांड्याचा पाना ठरलेल्या जोराला पोहोचला की 'टक्' वाजतो. गॅरेजच्या भाषेत तो जोर 'अकरा किलो'. नट वाजला की त्याच्यावरून रिमपर्यंत लाल रंगाच्या पेनाने एक बारीक रेघ ओढायची. त्या रेघेला तो खूण म्हणायचा. खूण दिसली म्हणजे नट वाजला आहे. रेघ मोडलेली दिसली, तर नट सुटतो आहे.

त्या वर्षी नवरात्रात गॅरेजमध्ये वीस-बावीस वर्षांची एक जपानी सेडान होती. मालकीण लोअर परळला नोकरी करणारी एक मुलगी, कोळीवाड्यातली. गाडी तिच्या वडिलांची. मासळीच्या धंद्यात उभा जन्म घालवलेल्या त्या माणसाचा तेवढाच एक शौक होता. ते जाऊन तीन वर्षे झाली होती, आणि तिची आई गाडी विकायला काढायच्या बेतात होती. मुलीने हट्ट धरला होता, बाबांची ही गाडी एकदा तरी ट्रॅकवर न्यायची. शेवटी आईने अट घातली, आणि ती माझ्यासमोरच घातली.

"एकदा ने. नीट गेली, नीट आली, तर पुढचं बघू. मधी काय पण झालं, तर गाडी विकायची. मंग रडायचं नाय. कबूल?"

"कबूल," मुलगी म्हणाली. माझा विद्यार्थी तेव्हा बॉनेटखाली डोके घालून उभा होता. त्याने ते बाहेर काढले नाही.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी गाडी ट्रेलरवर चढायची होती. खंडेनवमीला सकाळी त्याने ब्रेकचे ट्रॅकवरचे पॅड घातले आणि चाके परत चढवायला घेतली. तीन चाकांचे नट वाजले, खुणा झाल्या. मी तीन चौकोनांत अकरा, अकरा, अकरा लिहिले. मागच्या डाव्या चाकाचे नट तो साध्या पान्याने टेकवत होता, तेवढ्यात मुलीची आई पूजेचे ताट घेऊन दारात उभी राहिली. दादरच्या फूलबाजारातून आणलेला झेंडू तिने पिशवीभर आणला होता.

"मेस्त्री, हत्यारं खाली ठेव. वेळ झाली."

"मावशी, एकच चाक. दोन मिनिटं."

"दोन मिनटं देव थांबतो काय? ठेव म्हणते ना."

त्याने ठेवली. माझे वडील गिरणीत फिटर होते. खंडेनवमीला पूजेला लावलेले हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचे नाही, हे मला वेगळे सांगावे लागत नाही. पाने, पकडी, जॅक आणि तो टॉर्क रेंचही पाटावर मांडला गेला. मग ती माउली ताट माझ्यापुढे धरून म्हणाली, "गाडीला कुंकू तुम्ही लावा, बाई. दर वर्षी ह्यांनी लावलं. मी नाय लावत आता."

तिने का म्हटले, ते मला कळले. तुम्हीच लावा, असे मी तिला म्हणायला हवे होते. धीर झाला नाही. त्याऐवजी मी ते काम जितके मनापासून करता येईल तितके केले. दुसरे कोणी असते तर बॉनेटवर एक स्वस्तिक काढून, चाकांना एकेक बोट लावून मोकळे झाले असते. मी कुंकू पाण्यात कालवले, प्रत्येक चाकापाशी बसले आणि एकेका नटावर वरून खाली रिमपर्यंत एक बारीक, सरळ बोट ओढले. चार चाके, प्रत्येकी चार नट. सोळा. मुलगी हसून म्हणालीसुद्धा, "बाई, पेपर तपासताय काय?"

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मी घरी पक्की वही लिहायला बसले. मागच्या डाव्या चाकाचा चौकोन रिकामा होता. वर्गात मी मुलांना नेहमी सांगायचे, रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे. रिकामा म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. मी फोन लावला.

"मागच्या डाव्याचा आकडा राहिलाय माझा. किती भरला?"

"अकराच की, बाई."

"तू भरलास?"

"काल भरले ना सगळे. सकाळी उत्तरपूजा झाल्यावर बघितलं मी, सोळाच्या सोळा नटांवर खुणा आहेत. गाडी गेली पण. आईला घेऊन प्रभादेवीच्या गणपतीला गेलीय, तिथनं घरी."

उजव्या हाताच्या अनामिकेच्या नखात कालचे कुंकू अजून होते. ते दिसले आणि सगळे लक्षात आले.

"त्यातल्या चार खुणा तुझ्या नाहीत," मी म्हणाले. "माझ्या आहेत. कुंकवाच्या."

तो म्हणाला, "आई शप्पत." आणि लगेच, "बाई, मी तिला फोन लावतो. तुम्ही ठेवा."

"मीही येणार. नाक्यावर उभी राहते."

पाच मिनिटांत तो स्कूटर घेऊन आला. टॉर्क रेंच माझ्या मांडीवर आडवा, त्याला पूजेचा झेंडू अजून चिकटलेला, आणि मी मागे बसलेली. मुलीने फोन घेतला होता. गाडी आधीच थांबली आहे, एवढेच ती बोलली होती.

प्रभादेवीत एका शाळेच्या फाटकाजवळ गाडी उभी होती. मुलगी खाली मान घालून शेजारी. आई फुटपाथच्या कडेवर बसलेली, ओटीत नारळ. काय झाले ते मुलीने हळू आवाजात सांगितले. मागून टकटक येते आहे, असे आईच म्हणाली. नवे पॅड आहेत, वाजणारच, असे मुलीने सांगून पाहिले.

"आनि मी काय बोलली, ते पण सांग," आई तिथूनच म्हणाली. "पंचवीस वर्षं होडीचं मशीन ऐकलंय. मना शिकवते. थांबव म्हटलं, तवा थांबली."

माझा विद्यार्थी मागच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसला. त्याने नट बोटांनी धरला, आणि तो फिरला. दुसराही फिरला. ते सगळ्यांनी पाहिले.

"मेस्त्री, अशी गाडी दिलीस माझ्या पोरीला?"

"चूक माझी, मावशी. रंग बघितला मी. नट बघितला नाही."

कबूल म्हणून मुलगी मोकळी झाली होती, आता तिला मागायला काही उरले नव्हते. मी पुढे झाले आणि वर्गात सांगते तसे क्रमाने सांगितले. तीन चाके वाजली होती. चौथे वाजायच्या आत हत्यारे पूजेला गेली. मग मी कुंकू लावले, नेमके खुणेच्या जागी, नेमके खुणेसारखे. जन्मभर मी लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या. ही लाल रेघ माझी चूक होती, आणि तिचा दंड त्या मुलीने भरू नये, अशी माझी विनंती होती.

आईने सगळे ऐकून घेतले. मग ती उठली. पाण्याची बाटली घेऊन तिने पदराचे टोक भिजवले आणि चाकापाशी बसून नटावरचे कुंकू पुसू लागली.

मी खाली वाकले. "राहू द्या, वहिनी. मी पुसते."

"माझं एकदा पुसून झालंय, बाई," ती मान वर न करता म्हणाली. "आता कसलं भ्या?"

तिने चारही चाकांचे सोळा नट पुसले. बारांवर कुंकवाखालून पेनाची पक्की लाल रेघ वर आली. चारांवर नुसते लोखंड. ते चार तिने पुन्हा एकदा निरखून पाहिले.

"हत्यार खाली ठेवायला मीच लावलं," ती म्हणाली. हे ती आम्हाला सांगत होती की स्वतःला, ते मला ठरवता आले नाही. "दोन मिनटं मागत होता तो. आता वाजव. मना ऐकू दे. नुसते चार नाय, सगळे वाजव."

त्याने टॉर्क रेंच लावला. टक्. समोरासमोरचे नट आधी, मग उरलेले. ती प्रत्येक चाकाशी उभी राहून बोटांच्या पेरांवर मोजत होती. रस्त्यावरचे दोन-चार लोक थांबले. झेंडूची माळ घातलेल्या गाडीचे नट आवळले जात असताना कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई पाहून कोणीतरी विचारले, "काय झालं, मावशी?"

"काय नाय. तू चल पुढं."

शेवटचा नट वाजला.

"सोळा वाजले," ती म्हणाली. "चला, गणपतीला उशीर होतोय."

मुलगी जागची हलली नाही. "आई, आणि ट्रॅक?"

आई दार उघडून आत बसली, नारळ मांडीवर घेतला. "तिथं पण वाजव," ती म्हणाली. "दर वेळी वाजव. आणि वाजवलेस की मना कळव, नायतर जेवण जाणार नाय मना."

त्या संध्याकाळी आम्ही खुणेचा रंग बदलायचे ठरवले. लाल नको, तो कुंकवाचा. पिवळा सुचवला तर विद्यार्थी म्हणाला, "हळद आहे, बाई." शेवटी निळा घेतला. पक्क्या वहीत मी एक रकाना वाढवला, 'कोणी वाजवले'. त्या दिवसाच्या चौकोनात त्याचे नाव लिहिले आणि त्याखाली 'ऐकले' म्हणून मुलीच्या आईचे. मागच्या डाव्या चाकाचा रिकामा चौकोन मात्र तसाच ठेवला. नवमीचा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता.

चार दिवसांनी गाडी ट्रॅकवर गेली. सकाळी साडेनऊच्या सुमारास माझ्या फोनवर मुलीचा संदेश आला, दोनच शब्दांचा. मी तो वाचते आहे तोवर फोन वाजू लागला. पलीकडे तिची आई होती, मागे बाजाराचा गलका.

"बाई, मना वाचता येत नाय चष्म्याबिगर," ती म्हणाली. "तुमच्याकडं किती वाजले?"

"सोळा," मी म्हणाले.

"मंग ठीक," ती म्हणाली, आणि कोणाला तरी पापलेटचा भाव सांगू लागली.