समुद्राची गिटार, वारूळवाडीहून

आमच्या बँडमध्ये आम्ही तिघं आहोत आणि तिघांपैकी एकालाही पोहता येत नाही. तरी आम्ही सर्फ म्युझिक वाजवतो. हा प्रकार माहीत नसलेल्यांसाठी सांगते. फळीवर उभं राहून लाटांवरून घसरणाऱ्या परदेशी पोरांसाठी जन्मलेलं हे गिटारचं संगीत, बहुतेक वेळा बिनशब्दांचं. सूर भरभर छेडायचे, त्यात भरपूर घुमारा मिसळायचा आणि गिटारच्या ब्रिजला, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीला, एक लोखंडी दांडी जोडलेली असते ती दाबून सूर हेलकावायचा. ती दांडी म्हणजे लाट.

माझ्या गिटारला ती दांडी नव्हती. आमचा ड्रमर नितीन दिवसा दातांचा डॉक्टर असतो. तो दर सरावानंतर विचारायचा, "सगळं ठीक आहे, पण लाट कुठंय?" हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं आणि मी जुन्या वस्तूंच्या जाहिराती धुंडाळायला लागले. एका दुपारी सापडली: "निळी इलेक्ट्रिक गिटार. दांडीसकट. चालू. स्वभावानं चांगली. वारूळवाडी, नारायणगावशेजारी." फोटोत गिटार टोमॅटोच्या क्रेटला टेकून उभी होती. तिचा निळा रंग बघून मला थेट समुद्रच दिसला.

फोन एका बाईंनी उचलला.

"बघायला कोन कोन येनार?"

"मी एकटीच."

"एकट्याच? बरं. मग सकाळी या. जेवूनच जायाचं."

एप्रिलच्या एका शुक्रवारी निघाले. पुण्याहून कुणी जाणार असेल तर नाशिक रस्त्याने एसटीच पकडा, बायकांना अर्धं तिकीट पडतं. मात्र चाकणपाशी बस चालते की उभी आहे हे खिडकीबाहेर बघून ठरवावं लागतं, त्यामुळे पाणी आणि शेंगदाणे जवळ असू द्या. मंचर मागे पडलं की हवा बदलते, रस्त्याकडेला द्राक्षांचे मांडव दिसायला लागतात आणि आपण उगाच आनंदी होतो. नारायणगावला उतरून मिसळ खाल्ली. ती तिखट आहे असं मालकाने आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वारूळवाडी तिथून चालत जाण्यासारखी आहे, मी डोळे पुसत गेले.

घर यशवंतदादांचं. साठीपलीकडचे, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांची बेंजो पार्टी आहे, म्हणजे लग्नात नवरदेवापुढे टेम्पोवर भोंगे लावून वाजवतात ती. दादा त्यात गिटार वाजवायचे. फोनवरच्या बाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण लतामावशी. पार्टीची कामं ठरवणं, भांडणं मिटवणं आणि दादांच्या वतीने बोलणं ही तिची खाती. दादांच्या डाव्या हाताची बोटं आता सकाळी वळत नाहीत, म्हणून गिटार विकायची होती.

"पन एक हाय," लतामावशी म्हणाली. "उद्याचं लगीन वाजवल्याबिगर ती हालायची न्हाई. डिंभ्याकडं, बुधाजीबाबाच्या नातवाचं. ह्या गिटारीचं पयलं काम त्या बाबानंच दिलं व्हतं. आता शेवटचं बी त्याच्याच दारात. दादा स्वतः वाजवनार. मग तुमची."

मी म्हटलं, काही हरकत नाही, पण आधी तपासते. जुनी गिटार घेताना तिची मान डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी बघायची, वाकलेली असेल तर कळतं. हिची सरळ होती. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर येत होती, ते साफ करायच्या फवाऱ्याचं काम. तारा गंजलेल्या, त्या कशाही बदलायच्याच होत्या. निळा रंग मात्र ब्रशने दिलेला, घरच्या दाराला देतात तो.

"समुद्रासारखा आहे रंग," मी म्हटलं.

"जयंतीचा हाय," यशवंतदादा पहिल्यांदा बोलले. "मिरवनुकीत वाजवायची व्हती म्हनून दिला."

मग मी दांडी दाबली. दांडी हलली नाही. जोर लावला, तरी नाही. आणि मी तर दांडीसाठी चार तास बसमध्ये बसले होते. माझा स्वभाव असा की बंद गोष्ट दिसली की स्क्रूड्रायव्हर काढायचा, विचारायचं नंतर. दादा चहा सांगायला आत गेले होते. मी गिटार पालथी घातली आणि पाठीवरचं झाकण उघडलं. आत स्प्रिंगा होत्या, आणि ज्या लोखंडी ठोकळ्याने हलायचं त्याच्या आणि लाकडाच्या मधल्या फटीत काहीतरी काळपट, गोल, घट्ट बसवलेलं होतं. उचकटून काढलं. गिटार सरळ करून तार छेडली, दांडी दाबली. सूर खाली गेला, वर आला, हेलकावला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत बसले.

यशवंतदादा दारात उभे होते. चहाचा ट्रे हातात.

"सुपारी काढली," ते म्हणाले.

लतामावशी आतून आली, तिने माझ्या तळहातावरची ती वस्तू बघितली आणि खाली बसली. लग्नाचं काम ठरलं की घरधनी वाजवणाऱ्याच्या हातावर सुपारी ठेवतो एवढं मलाही माहीत होतं. या घरची रीत एक पाऊल पुढची होती. वाद्याला मिळालेली पहिली सुपारी वाद्यातच ठेवायची, आणि ज्याने दिली त्यानेच ती परत घ्यायची. ती बाहेर आली की वाद्याचं काम सुटलं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे ही गिटार आता कुनाचीच न्हाई. उद्याचं लगीन बी तिचं न्हाई."

"परत ठेवते ना. तिथंच होती, फटीत."

"तुमी कोन ठेवनाऱ्या? तुमी दिली व्हती का?"

मी वाद घालायला तोंड उघडलं. एका सुकलेल्या सुपारीने असं काय होतं, वगैरे. तेवढ्यात यशवंतदादा शांतपणे म्हणाले, "आमी देवाबिवाचं काय करत नाय, ताई. पन शबूद दिलेला हाय." आणि त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. मला फार वाईट वाटलं. माणूस शेवटचं एकदा वाजवणार होता आणि मी त्याच्या आदल्या दिवशी चहा यायच्या आत त्याची नोकरी संपवली होती.

ठरलं असं की सकाळी सगळ्यांनी सुपारीसकट बुधाजीबाबाकडे जायचं. मी पुण्याला परत जाते म्हटलं तर मावशीने साफ नाही म्हटलं. एक तर उसातून बिबट्या फिरतो, आणि दुसरं, "करनारीनं हजर पायजे." दुपारी मासवडी केली होती. बेसनाची, आत खोबरं-तिळाचं सारण, सोबत झणझणीत रस्सा. तीत मासा कुठेच नसतो. समुद्राशी माझं नातं साधारण तेवढंच आहे, त्यामुळे मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

शनिवारी टेम्पोतून निघालो. मंचरवरून घोडेगाव, तिथून पश्चिमेला डिंभे धरणाचा रस्ता. घोडेगावपर्यंत रस्ता गुळगुळीत, पुढे अरुंद आणि वळणांचा. स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी पेट्रोल घोडेगावलाच भरावं. मी भोंगे आणि जनरेटर यांच्या मध्ये, मांडीवर गिटार घेऊन बसले होते. सुपारी मावशीच्या मुठीत. वाटेत चहाला थांबलो तेव्हा तिने कप डाव्या हाताने धरला, मूठ उघडली नाही. यशवंतदादा सगळा रस्ता बाहेर बघत होते.

वाडी धरणाच्या पाण्यावर, उतारावर आहे. एप्रिलमध्ये पाणी खूप खाली गेलेलं, मधे भेगाळलेला चिखल, पलीकडे डोंगर. हळद लावलेला नवरदेव मांडवात, आणि आम्ही त्याच्याऐवजी त्याच्या आजोबांपुढे रांगेत उभे. बुधाजीबाबा खाटेवर बसले होते. लतामावशीने मूठ उघडली आणि सगळं सांगितलं. बाबांनी सुपारी डोळ्याजवळ नेली, नखाने खरवडली, वास घेतला. भोवती म्हातारी माणसं जमली. एकाने ती हातात घेऊन वजन केलं. दुसरा म्हणाला, सुपारी पक्की आहे, तेव्हा पक्का माल यायचा. मांडवातून कोणीतरी, "अवो, टाईम व्हतोय," म्हणून ओरडलं, त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"कुनी काढली?" बाबांनी विचारलं.

मी हात वर केला. शाळेनंतर पहिल्यांदाच.

"मग ही घे," बाबा म्हणाले आणि सुपारी माझ्या हातावर ठेवली. "ज्यानं काढली त्यालाच देत्यात. तू वाजव."

यशवंतदादा गिटार गळ्यात अडकवून तयारीत उभे होते, त्यांनी खांद्यावरचा पट्टा काढायला घेतला. ते मला सहन झालं नाही.

"बाबा, मला तुमची गाणी येत नाहीत," मी म्हटलं.

"मग तुझी वाजव."

"माझ्या गाण्यांना शब्द नसतात."

"बरंच हाय की. कुनाच्या फर्माईशीवरून भांडनं व्हनार न्हाईत."

"आणि दादांनी वाजवायचं ठरलं होतं. शेवटचं."

बाबांनी यशवंतदादांच्या डाव्या हाताकडे बघितलं. "बोटं वळत्यात का, राव?"

"डाव्याची न्हाई," दादा म्हणाले. "उजवा हात चालतोय."

इथे लतामावशीने निकाल दिला. ती सुपारीचं सगळं कायदेशीर अंग जाणणारी बाई. म्हणाली, "सुपारी हिच्याकडं हाय, म्हंजे काम हिचं. पन गिटारीला हात दोन लागत्यात. ते कुनाकुनाचे, असं रीतीत काय न्हाई."

सुपारी पुन्हा फटीत गेली. मी स्वतः बसवली, दांडी घट्ट झाली, झाकण लावलं. मग आम्ही टेम्पोवर चढलो. गिटार दादांच्या गळ्यात. मी त्यांच्या डाव्या बाजूला, एका हाताने टेम्पोचा आडवा बार धरून आणि दुसऱ्याने गिटारची मान पकडून. सूर मी दाबायचे, तारा त्यांनी छेडायच्या. नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघाली.

पहिल्या वळणापर्यंत फार घाण वाजलं. एक माणूस नाचायचा थांबून आमच्याकडे बघत राहिला. मी पुढच्या सुरावर जायचे तेव्हा दादा मागच्यावर असायचे, टेम्पो खड्ड्यात गेला की दोघंही तिसऱ्याच सुरावर. मग मी माझ्या एका सोप्या चालीवर आले, आणि दादांचा उजवा हात सुटला. सर्फमध्ये एकच तार इतकी भरभर छेडायची असते की सूर तुटतच नाही. मी दोन वर्षं घासतेय, मला ते अर्धवट जमतं. दादांनी लग्नांत दुसरं काही केलंच नव्हतं. भोंग्यातून तो आवाज धरणावर गेला, पलीकडच्या डोंगराला आपटला आणि परत आला, इतका मोठा घुमारा मी कुठल्या मशीनमधून काढू शकले नसते. पुण्यातल्या समुद्राचं संगीत आटलेल्या पाण्यावर वाजत होतं आणि फेटे बांधलेली माणसं त्यावर हात वर करून नाचत होती. मघाचा माणूस आता सगळ्यात पुढे होता.

"हे कशाचं गानं हाय?" दादांनी छेडता छेडता विचारलं.

"समुद्रावर लाटांवरून घसरतात, त्यांचं."

"कशाला घसरत्यात?"

मी पुढचा सूर दाबला. दादा हसत होते.

लग्न लागलं. बुंदी, भाजी, पहिल्या वाफेचा भात. जेवण झाल्यावर मी गिटार घेऊन बुधाजीबाबांकडे गेले, म्हटलं, आता सुपारी परत घ्या, म्हणजे काम सुटलं. मला दांडी मोकळी हवी होती, ते लपवत नाही.

"कशी घेऊ?" बाबा म्हणाले. "अजून धाकटी नात हाय."

त्यांनी मांडवाकडे बोट दाखवलं. लाल परकरातली एक मुलगी पत्रावळ्या गोळा करत होती. सातवीत आहे. मी तिला जाऊन विचारलं, लग्नाचा काय विचार आहे. तिने माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. "मी आधी पोलीस व्हनार," म्हणाली. "मग बघू."

गिटार आमची झाली. पुण्यात घुमारा देणारं, पायाने दाबायचं चांगलं पेडल ज्या किमतीला येतं त्याच्याही कमीत. लतामावशीने बजावलं, "गिटार तुमची, पन काम बी तुमचंच. तारीख ठरली की कळवीन." यशवंतदादांनी टेम्पोतून उतरताना माझा हात हातात घेतला. "डावा तू आन," म्हणाले, "उजवा मी आनतो."

घरी आल्यावर तारा बदलल्या, आवाजाच्या बटणात फवारा मारला, खरखर गेली. निळा रंग तसाच ठेवलाय. पहिल्या सरावाला नितीनने दांडी दाबून बघितली आणि सगळी हकीकत ऐकून म्हणाला, "काढून ड्रॉवरमध्ये ठेव. कोणाला कळणार आहे?" खरं सांगते, मी झाकण उघडलं. सुपारी फटीत होती. मी ती बघितली आणि पुन्हा स्क्रू लावले. त्यामुळे आमच्या बँडमध्ये अजून लाट नाही. नितीन विचारतो तेव्हा सांगते, यायला वेळ आहे.

मावशीचा फोन येतो अधूनमधून. म्हणते, दादा रोज सकाळी अंगणात बसून सुपाच्या काठावर उजव्या हाताचा सराव करतात. इकडे मी डाव्याचा करते. परवा तिने सांगितलं, निकाल लागला. पोरगी आठवीत गेली.