तळातलं गोडं पाणी

श्रीवर्धनला मोटार स्टँडच्या मागे माझं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. मुंबईच्या गिरणीत वायरमनचं काम शिकून मी गावी परतलो होतो आणि इथे माझ्याइतकं विजेतलं कोणाला कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. सुरुवातीला रेडिओच्या आणि ट्रकच्या बॅटऱ्या येत. साठ सालानंतर होड्यांना इंजिनं बसू लागली, तशा होड्यांच्याही येऊ लागल्या. भिंतीला ओळीनं मांडलेल्या त्या बॅटऱ्या दिवसभर बुडबुडत असत आणि आंबूस वासाला कंटाळून गिऱ्हाईक दारातूनच बोलून जाई. माझी त्याला हरकत नव्हती. माणसांपेक्षा बॅटऱ्या बऱ्या, नीट जोडल्या की नीट वागतात.

एकदा पावसाळा संपता संपता कोळीवाड्यातला एक तांडेल आला. स्वतःची लहान होडी, तीन-चार गडी, नवीन इंजिन. बोलायला कमी माणूस. दारात उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, होडीतलं पानी आपोआप उपसल असं काय तरी करून द्या. मानूस नको त्यात."

"का? माणसं संपली का कोळीवाड्यातली?"

तो हसला नाही. मग हळूहळू सांगितलं ते असं. लाकडी होडी म्हटली की तळाशी पाणी पाझरणारच. इंजिनाच्या मागे, होडीच्या सगळ्यात खोल जागी कोणीतरी डबा घेऊन बसायचं आणि उपसत राहायचं. हे काम त्याचा थोरला भाऊ करी. एका पहाटे समुद्र तेलासारखा शांत असताना डब्याचा आवाज थांबला. तांडेलानं मागे वळून पाहिलं तर जागेवर नुसता डबा. हाक नाही, पाण्यात पडल्याचा आवाज नाही. भाऊ पुढेही सापडला नाही. तेव्हापासून त्या जागेवर बसायला एकही गडी तयार होईना. गडी पुढच्या बाजूलाच बसून जमेल तेवढं उपसत. मागच्या वेळी अर्धी भरलेली होडी कशीबशी धक्क्याला लागली होती. होडी बसली तर घर बसणार होतं. त्याची स्वतःची पोरं आणि भावाची, सगळी त्या एका होडीवर जेवत होती.

मला भुताखेतांचं काही नव्हतं. अवघड काम समोर आलं याचाच आनंद झाला. मुंबईच्या जुन्या बाजारातून लढाईच्या भंगारातला एक बॅटरीवर चालणारा पंप आणला. तरंगायला तांब्याचा पोकळ गोळा मिळाला, तो कोण्या साहेबाच्या संडासाच्या टाकीतला होता. हे मी तांडेलाला सांगितलं नाही. गोळा पितळी दांडीला बसवला. पाणी चढलं की गोळा वर येणार, दांडी वर जाऊन पत्र्याला टेकणार, पंप सुरू. पाणी उतरलं की बंद. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा कळंक चढतो, म्हणून प्रत्येक जोडाला राळ आणि तेल चोपडलं. वायर थेट बॅटरीवरून घेतली, मध्ये बटण ठेवलंच नाही. गडी विसरभोळे; बटण बंद करून घरी जेवायला जातील आणि नांगरलेली होडी बुडेल.

पंप बसवायच्या जागी भावाचा डबा अजून सुतळीनं बांधलेला होता. त्याला मी हात लावला तसे किनाऱ्यावर जाळी शिवणारे गडी उठून उभे राहिले. शेवटी तांडेलानं स्वतः गाठ सोडली आणि डबा घरी नेला.

पंप उत्तम चालला. सुरू होताना घुर्र करी आणि तळ कोरडा होत आला की हवा नि पाणी एकदम ओढताना घुट घुट असा आवाज येई. गडी खूश, मी त्याहून खूश. चार लोकांत मी तो विषय मुद्दाम काढत असे.

पंधरवडा गेला असेल नसेल, तांडेल पुन्हा दारात. "मिस्त्री, पंप काढून न्या."

होडी ओहोटीला चिखलावर टेकलेली असते, आत चिटपाखरू नसतं, तळ कोरडा केलेला असतो. आणि दिवेलागणीला पंप आपोआप सुरू होतो. सगळा कोळीवाडा ऐकतो. गडी म्हणतात, तो परत आला, आपल्या जागेवर बसला, उपसतोय. आता ते होडीत पाय ठेवायला तयार नाहीत.

मी भडकलो. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! कुठली तरी फळी गळत असेल, आणि तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देताय." माझ्या जोडणीला भूत लागलं म्हणतात, याचा मला जास्त राग होता. भीती त्या वेळी वाटली नाही, ती दुसऱ्या दिवशी सकाळी वाटली.

सकाळी ओहोटीला चिखल तुडवत मी होडीपर्यंत गेलो. पंपाच्या नळीखाली चिखलात खळगा पडला होता. तळाच्या फळ्या दाबून पाहिल्या, सांधे खरवडले. कुठेही गळत नव्हतं. होडी एका कुशीवर कललेली, आणि त्या खालच्या कुशीला, नेमकं गोळ्यापाशी, ओंजळभर पाणी उरलं होतं. बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोडं होतं.

समुद्र पाझरला असता तर पाणी खारट लागलं असतं. पाऊस कधीच थांबला होता. चहूकडे खारं पाणी, खारा चिखल, मिठानं पांढरं पडलेलं लाकूड, आणि त्याच्या पोटात विहिरीचं असावं तसं गोडं पाणी. भर उन्हात मी तिथून जवळजवळ पळतच किनाऱ्याला आलो. हत्यारं होडीतच राहिली.

पण हत्यारं आणायला जावं तर लागणारच होतं. आणि खरं सांगायचं तर माझा हट्टी स्वभाव मला भीतीपेक्षा जास्त छळतो. संध्याकाळी पुन्हा ओहोटी लागली तसा मी होडीत जाऊन पुढच्या बाजूला शिडाच्या कापडाआड बसलो. कोळीवाड्यात दिवे लागले. खेकडे चिखलात टिकटिकत होते. मग पावलं ऐकू आली. पचक, पचक. कंदील नाही, हाक नाही. पावलं थेट होडीच्या मागच्या अंगाला आली आणि थांबली. मी रामनाम घेतलं हे कबूल करतो.

मग कडेवर कळशी घेतलेली एक म्हातारी काठाला टेकली. दुसऱ्या हातात तो डबा होता. तांडेलाची आई. कळशीतलं पाणी डब्यात घेऊन ती त्या जागेवर सावकाश ओतत राहिली. पंप घुरघुरला, आणि पाणी संपत आल्यावर घुट घुट घुट आवाज आला. ती डोळे मिटून ऐकत होती.

मी बाहेर आलो तरी ती दचकली नाही. म्हणाली, "आयक. पितोय."

समुद्रात गेलेल्या माणसाला खारं पाणी पिववत नाही, त्याची तहान तशीच राहते, असं त्यांच्यात मानतात. देह सापडला नाही तर घरचे रोज संध्याकाळी समुद्राच्या बाजूच्या उंबऱ्यावर गोड्या पाण्याचा तांब्या ठेवतात आणि सकाळी ते पाणी माडाच्या मुळात ओततात. "सकाली बघावं तर तांब्या तसाच," ती म्हणाली. "आता पितो. त्याचं त्याला पानी मिलालं."

गोळा, दांडी, पत्रा हे तिला समजावून सांगावं असं एकदा वाटलं. पण मी हत्यारं गोळा केली आणि तिच्या मागोमाग किनाऱ्याला आलो.

तांडेलाला मात्र मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गोड्या पान्यानं लाकूड कुजतं, मिस्त्री. आन् गडी येत न्हायत. आयेला मी कसं सांगू? तुमी बटन बसवा. किनाऱ्याला लागलो की बंद करीन." मी बॅटरी उतरवून दुकानात आणली. रोजच्या त्या पिण्यानं ती निम्मी उतरलीच होती. चार्जिंगला लावली आणि बटण शोधून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी दुकानात आली. कोळीवाड्यापासून चालत, कळशी घेऊन. वासानं तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

"मिस्त्री, काल त्यानं पानी घेतलं न्हाय. रागावला काय रं?"

बटण माझ्या हातातच होतं. मी काही बोलायच्या आत तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. बॅटऱ्या बुडबुडत होत्या. ती वाकली आणि एकेकीला कान लावत पुढे सरकत गेली. सगळ्या सारख्याच काळ्या. कोणती कोणाची हे मलासुद्धा खडूनं लिहावं लागे, आणि तिला वाचता येत नव्हतं. ती तांडेलाच्या होडीच्या बॅटरीपाशी थांबली. नेमकी तिच्यापाशीच. हे कसं झालं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही.

"हितं हाय व्हय," ती म्हणाली आणि कळशी कलती केली.

मी ओरडून तिचा हात धरला. विहिरीचं पाणी आत गेलं असतं तर बॅटरी खराब झाली असती. "आई, ते नको. याला पावसाचं पाणी लागतं." फडक्यातून गाळून काचेच्या बाटलीत भरलेलं पाणी मी या कामासाठीच ठेवत असे. तिनं बाटलीतलं थेंबभर तळहातावर घेऊन चाखलं आणि मान डोलावली. मी विजेचा खटका बंद केला, बॅटरीची झाकणं उघडली आणि तिच्या हातात नरसाळं दिलं.

तेवढ्यात दारात तांडेल येऊन उभा राहिला. बॅटरी न्यायला आला होता. आईला पाहून त्याचा पाय उंबऱ्यावरच थांबला. ती एकेका भोकात धार सोडत होती.

"मिस्त्री," तो खालच्या आवाजात म्हणाला, "बटन नको. पयल्यासारखं थेट जोडा."

"आणि गडी?"

"आय पानी पाजते म्हनून सांगतो त्यांना. मेलेल्याला भितील, आयेला कोन भितो? नायच आलं, तर त्याच्या जाग्यावर मी बसतो." (गडी आले. त्याच आठवड्यात होडी मासेमारीला गेली, आणि पुढे तर निघण्याआधी एकेक तांब्या गोडं पाणी तेही तिथे ओतू लागले. लाकूड कुजायचं तेवढं कुजलं, दर उन्हाळ्यात तांडेल तेवढ्या फळ्या बदलत असे.)

मी बटण खणात टाकलं. म्हातारीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. शेवटच्या भोकात पाणी काठापर्यंत आलं तसे आतून दोन-चार बुडबुडे वर आले. तिनं लगेच बाटली उभी केली आणि अगदी खाली वाकून म्हणाली, "सावकाश पी, बाला. ठसका लागल."