कोपऱ्यातले दोन मणी

प्रयोगशाळेत सगळे त्याला चकाचक म्हणत, आणि त्या दिवशी त्याने नाव सार्थ केलं. ताईने भिंतीवरच्या तक्त्यासाठी त्याच्याकडे चार फोटो मागितले होते. ताई म्हणजे त्याच्या आधीपासून तिथे संशोधन करणारी, त्याला हाताला धरून सूक्ष्मदर्शक शिकवणारी. फोटो अंधारे वाटले म्हणून पठ्ठ्याने सॉफ्टवेअरमधलं आपोआप उजळ करायचं बटण दाबलं. चार फोटोंवर नाही, अख्ख्या फोल्डरवर. वर मूळ फायलींवरच सेव्ह केलं. बॅकअपनेही जेवणाच्या सुट्टीत शहाण्या मुलासारखे सगळे बदल उतरवून घेतले.

माशांच्या पिल्लांच्या शेपटीची जखम भरताना पेशी किती चमकतात, औषध दिलं तर जास्त चमकतात का, एवढंच ताईला मोजायचं होतं. आता औषधवाली आणि बिनऔषधाची, सगळी पिल्लं दुकानाच्या पाटीसारखी लखलखत होती. काचेवरचे नमुने केव्हाच विझले होते, त्यामुळे पुन्हा फोटो काढायची सोय नव्हती. दोन वर्षांचं काम आणि तोंडावर आलेला प्रबंध, दोन्ही एका बटणाखाली चिरडले.

"ताई, मला मारा," चकाचक म्हणाला.

"मारून फायली परत येणारेत का? मग सरक, खुर्ची दे."

ताई रंगाऱ्याची मुलगी. शाळेला सुट्टी लागली की बाबांबरोबर लोकांच्या भिंती घासायला जायची. नवा रंग कालवला की बाबा त्याच्या शेजारी आधीच्या रंगाचा तळहाताएवढा पुठ्ठा धरत. "नुसतं बघून डोळा फसतो गं. शेजारी ओळखीचा रंग ठेव आणि त्याला विचार." भिंती सुटल्या, सवय सुटली नाही. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात, फोटोत दिसतील असे, ताई दोन चमकते मणी सोडायची. धुळीच्या कणाहून बारीक, एक मंद, एक तेज. दोघांची चमक आधीच मोजून ठेवलेली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाचा दिवा आज कमी जळतोय की जास्त ते कळावं.

चकाचक हसायचा. "माशाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावताय का?"

"हो. तुझीच लागेल."

आता तिने पहिला फोटो उघडला, माउसने आधी मंद मण्याभोवती गोल काढला, मग तेज मण्याभोवती. "लागली की नाही? बघ, तुझ्या बटणाने प्रत्येक फोटो वेगवेगळा ताणलाय, पण रबराच्या पट्टीसारखा, सरळ. पट्टीवरच्या दोन खुणा कुठून कुठे गेल्या ते कळलं, की ती परत सैल सोडता येते."

मग तिने सॉफ्टवेअरला चार ओळींची आज्ञा लिहून दिली. प्रत्येक फोटोत मणी शोध, हिशोब कर, चमक जागेवर आण. चकाचक शेजारी बसून एकेक फोटो तपासत होता. एका ठिकाणी सॉफ्टवेअरने मणी समजून हवेचा बुडबुडा धरला.

"यालाही तुझ्यासारखीच घाई," ताई म्हणाली.

पण काही फोटोंत चमक ताणता ताणता छताला, म्हणजे फोटोत मावेल तेवढ्या कमाल उजेडाला, टेकून सपाट झाली होती. तिथलं मूळ कायमचं गेलं. ते फोटो ताई बाजूला काढत होती. त्यात तिचा सगळ्यात लाडका फोटोही निघाला. तेवढ्यात तिचे मार्गदर्शक सर डोकावले.

"अगं, हाच तर सगळ्यात ठसठशीत! राहू दे की. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, सर."

सर चष्मा पुसत राहिले. खरं तर चष्मा स्वच्छच होता.

उरलेल्या फोटोंचे आकडे आले. औषधाने पेशी जास्त चमकत होत्याच. ताईला वाटलं होतं तितक्या नाही, पण मान्य करावंच लागेल इतक्या. बटणाची सगळी हकीकतही तिने प्रबंधात घातली, फक्त 'एका सहकाऱ्याकडून' असं म्हणून.

"नाव तरी घालायचं," चकाचक म्हणाला, "तेवढीच प्रसिद्धी."

"प्रसिद्धी घरी येऊन मिळव. तुला शिक्षा एकच. बाबांच्या पुठ्ठ्यामुळे काय वाचलं, ते तू तुझ्या तोंडाने त्यांना सांगायचं. मी सांगितलं की म्हणतात, पोरगी उगाच चढवतेय."

"या रविवारी नक्की!"

प्रबंध जमा झाला, मान्यही झाला. ताईच्या नावामागे डॉक्टर लागलं. चकाचक आता फोटोंची मूळ प्रत तीन ठिकाणी ठेवतो आणि कोपऱ्यात मणी सोडल्याशिवाय काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत नाही. पण रविवार आला की त्याला कधी सर्दी होते, कधी पाहुणे येतात. बाबा पहिला प्रश्न 'बटण दाबलं कोणी?' हाच विचारतील, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

बाबा मात्र दर रविवारी ताईला विचारतात, "काय गं, तो तुझा रंगारी आला नाही अजून?"