शेडकडे वळलेला कॅमेरा

बांधकामावर खडी-वाळू मागवावी लागते. किस्से न मागवता येऊन पडतात आणि इमारत उभी राहिली तरी ढीग तसाच. त्यातले हे काही, नव्वदच्या दशकातले, नगरहून घोडेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका साइटचे. मी तिथे सल्लागार होतो. पीएच.डी. होती, पण ठामपणे सल्ला देताना अजूनही माझा आवाज कापतो.

मालक भाऊसाहेब. स्लॅबखाली लावायच्या सेंटरिंगच्या लोखंडी प्लेटा चोरीला जायला लागल्या म्हणून त्यांनी मुंबईहून कॅमेरा आणला, टीव्ही केबिनमध्ये ठेवला. तेव्हा आमच्याकडे असं काही कुणी पाहिलेलं नव्हतं! तो लावायच्या आदल्या रात्री मी वकील मित्राला विचारून आलो होतो. तो म्हणाला, "थेट कायदा मला तरी माहीत नाही. पण उद्या कोर्टात मान खाली घालावी लागेल असं काही करू नका." म्हणून मी दोन गोष्टी सुचवल्या. कॅमेरा आहे असा बोर्ड लावायचा, आणि माणसं जेवतात, बसतात तिकडे तो वळवायचा नाही. भाऊसाहेब "बरं" म्हणाले. मला तेवढ्यानेच घाम फुटला होता.

*

पहिल्याच सकाळी टीव्हीवर नुसता करडा धूर. मुंबईला फोन लावला, वायरी उपसल्या. शेवटी शिडी लावून पाहिलं, तर काचेवर हळदीकुंकवाचा जाड थर.

दगडू मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "मिक्सर आला तवा पूजा केली, व्हायब्रेटर आला तवा केली. ह्यानं काय पाप केलंय?"

*

बोर्ड रस्त्यावरून दिसायचा. घोडेगावच्या गुरांच्या बाजाराच्या दिवशी एक शेतकरी विकायची म्हैस घेऊन थेट फाटकातून आत आला. "टीव्हीवर कशी दिसती बघू द्या की. गिऱ्हाईक काय बघतंय ते कळंल."

म्हैस कॅमेऱ्यासमोर उभी केली, तो केबिनमध्ये आला, बराच वेळ निरखून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "लई बारीक झाली वो," आणि म्हैस घेऊन परत घरी गेला.

*

भाऊसाहेब पूर्वी दिवसभर साइटवर फिरायचे. आता टीव्हीसमोरून उठेनात. चहा तिथेच, जेवण तिथेच. दगडू म्हणाला, "कॅमेऱ्यानं आजवर एकच मानूस धरला. मालक."

*

मग एका सकाळी कॅमेरा बायकांच्या शेडकडे वळलेला दिसला. लेकरांना पाजायच्या नावाखाली बायका बसून राहतात, असा भाऊसाहेबांना संशय. बायकांची मुकादम कौसाबाई केबिनच्या दारात येऊन उभी राहिली.

"आमी तिथं लेकरं पाजतो, मालक. फिरवा त्यो. न्हाईतर उद्या स्लॅबला एक घमेलं उचलनार न्हाई."

मी धीर करून म्हणालो, "आपलं तसं ठरलं होतं, भाऊसाहेब."

"कलम दाखवा डॉक्टरसाहेब, लगेच फिरवतो."

कलम माझ्याकडे नव्हतं. आपलंच चुकतंय की काय, असंही मनात येऊन गेलं.

*

स्लॅबचा दिवस. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही, म्हणून सगळे आधीच ताणात. मिक्सर तयार, पुरुष मजूर तयार. बायका आल्या होत्या, पण शेडबाहेर घमेली पालथी घालून त्यांवर बसल्या होत्या. कौसाबाई सगळ्यांच्या पुढे.

नारळ फोडायला भाऊसाहेबांच्या घरचे आले, माहेरी आलेली लेक तान्ह्या नातवासह. ऊन चढलं, बाळ रडायला लागलं. गाडी तापलेली. केबिनमध्ये आम्ही पुरुष, टीव्हीसमोर: भाऊसाहेब, मी आणि सिमेंटवाल्याचे दोन एजंट.

कौसाबाई पालथ्या घमेल्यावरून उठली. बाहेरून तिचा आवाज आला. "ताई, उन्हात कशाला? आमच्या शेडात सावली हाय. या, पाजा निवांत."

थोड्याच वेळात लेक टीव्हीवर दिसली. बाळाला मांडीवर घेऊन ती पदर सारखा करत होती.

भाऊसाहेब खुर्ची पाडून उठले आणि दोन्ही हात पसरून टीव्हीला पाठ लावून उभे राहिले. बटण दाबून टीव्ही बंद करावा, हे कुणालाच सुचलं नाही. एजंट छताकडे बघायला लागले, मी माझ्या बुटांकडे.

"दगडू! कॅमेरा फिरव! आधी फिरव!"

दगडू शिडीवर चढला. कॅमेरा फाटकाकडे वळेपर्यंत कौसाबाई वर बघत उभी होती. मग तिने वाकून आपलं घमेलं सरळ केलं.

"चला गं," ती म्हणाली, "स्लॅब घालायचाय."