फोटोत न आलेले पदार्थ

आमच्या ग्रुपवर केकचे फोटो आहेत, पावांचे आहेत, एका पिझ्झाचे तर चारी बाजूंनी आहेत. पण त्या फोटोंच्या मागे जे घडलेलं असतं ते कुणी टाकत नाही. ते किस्से मग साठत जातात. ओट्याखालच्या कपाटात बेकिंग पावडरची अर्धवट पाकिटं साठतात ना, तसे! टाकवत नाहीत आणि कुणासमोर काढवतही नाहीत. आज काढतोय. निम्मे माझेच आहेत, उरलेल्यांसाठी परवानगी घेतलीय.

आम्ही चौघं. मी नितीन, डोंबिवलीचा. मनीषा कोलशेतला टॉवरमध्ये राहते. प्रज्ञा आंबिवलीची. आणि बेनी, म्हणजे बेनेडिक्ट, ठाण्यातला, चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुनं बैठं घर आहे. चौघंही एकेकाळी ठाण्यातल्या एकाच ऑफिसात होतो. ऑफिस बंद पडलं, पण एकमेकांच्या डब्यात हात घालायची सवय काही सुटली नाही. म्हणून अधूनमधून रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काहीतरी नवीन करून आणायचं, असं ठरलं. ठरवणारा मीच. माझीच जीभ वळवळली!

*

मनीषाने मध्यंतरी खमिराचा पाव करायला घेतला. म्हणजे विकतचं यीस्ट घालायचं नाही. बरणीत मैदा आणि पाणी कालवून ठेवायचं, रोज त्याला थोडा मैदा, थोडं पाणी "खायला" घालायचं, की ते आपोआप आंबतं, फुगतं, बुडबुडे सोडतं. याला ती स्टार्टर म्हणायची. तिने त्याचं बारसंसुद्धा केलेलं. बंड्या!

तिला सासरी जायचं होतं, तेव्हा बंड्याला माझ्याकडे सोडून गेली. जाताना डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "नितीन, रोज खायला घाल हं. आणि फ्रिजमध्ये मागे ढकलू नकोस."

मी मागे ढकलला नाही. पुढेच ठेवला. हीच चूक झाली!

एका सकाळी आईने नाश्त्याला घावन केले. कांदा, मिरची, कोथिंबीर. इतके जाळीदार की मी मागून मागून खाल्ले. शेवटचा घास तोंडात असताना विचारलं, "आई, आज पीठ कधी भिजवलंस?"

"भिजवलं कुठे? फ्रिजमध्ये बरणीत आंबायला लागलेलं होतं कुणीतरी विसरलेलं. टाकून कशाला द्यायचं?"

तेवढ्यात मनीषाचा मेसेज. "बंड्याचा व्हिडिओ पाठव ना."

आता मी काय करावं? बरणीत मैदा कालवला, वरून पित्तावर घेतो ते फ्रूट सॉल्ट ओतलं आणि फेस बसायच्या आत झटपट व्हिडिओ काढला. तिचं उत्तर आलं, "अय्या, किती खूश दिसतोय तुझ्याकडे!"

ती परत आली, बरणी घ्यायला घरी आली. झाकण उघडलं, नाक जवळ नेलं. "नितीन, याला लिंबाचा वास कसा येतोय रे?"

मी काही बोलणार, तोच आई आतून पदराला हात पुसत बाहेर. "अगं मनीषा, तुझं होतं होय ते पीठ? काय सुंदर घावन झाले म्हणून सांगू!"

मनीषाने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बंड्याचे?" एवढंच म्हणाली.

*

पण मनीषालाही देवाने सोडलं नाही.

त्या दिवाळीत तिने जाहीर केलं, "यंदा तळण बंद. करंज्या ओव्हनमध्ये!" मी फराळाला गेलेलो. त्यांच्या गेटवरचा वॉचमन मला आत सोडेना, म्हणून ती स्वतः खाली आली. वर ओव्हन चालू, नवरा घोरतोय. आणि आम्ही खाली गप्पा मारत उभे! चिरोट्यांवर विषय निघाला की मनीषा थांबत नाही.

एकदम टॉवरभर भोंगा वाजायला लागला. आगीचा! लिफ्ट बंद. माणसं जिन्याने धावत खाली. कुणी पणत्यांचं ताट घेऊन आलेलं, कुणी कुत्रा. एक काका तर अर्ध्या अभ्यंगातून उठून आलेले. अंगाला उटणं, कमरेला पंचा, वर बायकोची ओढणी!

मनीषा सगळ्यांत पुढे. "लोकांना अक्कल कशी नसते हो? सणासुदीचं काहीतरी पेटवून ठेवतात आणि निघून जातात! दंड लावला पाहिजे, दंड!" आजूबाजूच्या बायका माना डोलवतायत.

थोड्या वेळाने सिक्युरिटीवाला खाली आला. हातात कर्णा. सगळ्या टॉवरला ऐकू जाईल असा घसा साफ केला आणि म्हणाला, "आग नाहीये! घाबरू नका! मनीषा मॅडमच्या करंज्या जळल्यात!"

मनीषाने माझ्या मागे लपायचा प्रयत्न केला. पण मी आधीच खांबामागे गेलेलो.

उटणंवाले काका सावकाश चालत तिच्यासमोर आले. आता हे काय बोलतात म्हणून सगळे जवळ सरकले. काका म्हणाले, "एखादी बरी निघाली असेल तर द्या. एवढे मजले उतरलोय."

*

बेनीच्या आईकडून मी फुगे शिकायला गेलेलो. फुगे म्हणजे त्यांच्याकडे सणाला, लग्नाला करतात ते तळलेले गोल पाव. सैलसर आंबवलेलं पीठ मुठीत घ्यायचं, मूठ दाबली की अंगठ्याच्या वर गोळा येतो, तो तेलात सोडायचा. मावशी, म्हणजे बेनीची आई, बोलता बोलता सोडत होत्या. एकेक चेंडू!

मी घरून अश्विनीला, माझ्या बायकोला, सांगून निघालेलो की रात्रीचा स्वयंपाक करू नकोस, मी परातभर आणतोय. माझ्या मुठीतून काही ते पीठ सुटेना. सुटलं की मागे धागा सोडत जायचं.

मावशींनी कढईत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बेनीला हाक मारली.

"बेनी, ये बघ रं. यांना शेपट्या कोनी लावल्या?"

त्या रात्री आमच्याकडे पोळीवाल्या काकूंकडून पोळ्या आल्या.

*

प्रज्ञा आमच्यातली सगळ्यांत शहाणी. मोजून मापून करणारी. म्हणून तिचा किस्सा तिला सर्वांत जास्त लागलाय. अजून तो निघाला की ती उठून पाणी प्यायला जाते.

बुद्धपौर्णिमेला त्यांच्या विहारात खीरदान असतं. त्या वर्षी खीर प्रज्ञाच्या वाट्याला आली. सासूबाई म्हणाल्या, नेहमीसारखी तांदळाची कर. पण प्रज्ञा आमच्या ग्रुपमधली ना! तिने कुठेतरी चिया सीड्सचं वाचलेलं. सब्ज्यासारखं बारीक बी, म्हणे फार पौष्टिक. पातेलं मोठं, म्हणून तिने मूठभर घातलं. कमी दिसलं म्हणून आणखी घातलं. मग "असू दे, लोक बरेच आहेत" म्हणून पाकीटच रिकामं केलं.

घरून निघाली तेव्हा खीर होती. वंदना झाली, भन्तेजींचं प्रवचन झालं आणि झाकण काढलं तेव्हा त्यात पळी उभी राहत होती! दाण्यादाण्याभोवती बुळबुळीत गोल, मध्ये काळा ठिपका.

पहिल्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, "मम्मी, खीर माझ्याकडे बघतेय!"

रांगेतल्या सगळ्या पोरांनी वाट्या खाली ठेवल्या. मोठी माणसं भन्तेजींकडे बघायला लागली. प्रज्ञाच्या सासूबाई छताकडे. भन्तेजी मात्र शांत. त्यांनी वाटी उचलली आणि घास घास करत सगळी संपवली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. लोकांना धीर आला. त्यांनीही खाल्ली. प्रज्ञाचा जीव भांड्यात पडला. ती धावत पुढे गेली. "भन्तेजी, अजून वाढू?"

भन्तेजींनी वाटीवर तळहात ठेवला आणि इतक्या प्रेमाने हसले, की बस!

"ताई, अन्नाचा अपमान होऊ नये म्हणून एकदा खाल्लं."

*

हा पुढचा मला सांगवत नाही, पण सांगतो.

माझी ताई दिव्याला राहते. श्रावण चालू होता आणि भावोजींना मटणावाचून झोप येत नव्हती. मी फुशारकी मारली. "श्रावणातलं मटण करून घालतो!" व्हिडिओत बघितलेलं. कणकेचा गोळा पाण्यात चोळून चोळून धुवायचा. पांढरं पाणी निघून गेलं की मागे चिवट गोळा राहतो. त्याला मसाला लावला की खाणाऱ्याला कळतही नाही म्हणे.

ताई भावोजींबरोबर बाजारात गेलेली. मी मोरीत बसून गोळा धुवायला घेतला. पाणी पांढरं झालं की ओतायचं, नवीन घ्यायचं. मोरीत निळं पिंप होतं, गच्च भरलेलं. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. मी थांबलो नाही.

ताई परत आली. पिशवी खाली ठेवली आणि पिंपात बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नित्या, उद्या पाणी येत नाही रे आमच्याकडे."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

मटण झालं. म्हणजे भावोजींनी एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. शेवटी म्हणाले, "चव आहे. पण गिळायचं कसं?"

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या वहिनी. कमरेवर भरलेली कळशी. भिंती पातळ, त्यांना सगळं ऐकू गेलेलं. त्यांच्याकडेही उद्या पाणी नव्हतंच. कळशी आत ठेवली आणि मला म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, लाजू नका. भांडी पण घासावी लागतील ना?"

भांडी मीच घासली. वाटीभर पाण्यात.

*

आता शेवटचा.

बेनीच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. बेनी म्हणाला, केक ऑर्डर करतो. मी म्हटलं, "गप बस. अंकल-मावशींचा केक मी करणार." तोवर माझा हात बरा बसलेला. दोन थर, मध्ये अननस, वर क्रीम, आणि क्रीमवर गुलाबी अक्षरांत दोघांची नावं.

सकाळी लवकर उठून केला, फोनला हातही लावला नाही. दुपारी डोंबिवलीहून रिक्षा बदलत बदलत निघालो. खोका मांडीवर, दोन्ही हात खोक्याला, फोन खिशात सायलेंटवर. सगळं लक्ष खड्ड्यांकडे. क्रीमला एवढासा धक्का लागू दिला नाही.

गल्लीत शिरलो तर बेनीच्या अंगणात मांडव. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. माणसं आलेली. म्हटलं, वा, बेनीने जोरात केलंय की! आणि तिथूनच, मोठ्याने, खोका उंच धरून ओरडलो, "हॅपी अ‍ॅनिवर्सरी, अंकल!"

सगळ्या माना वळल्या.

काळे कपडे. हातांत जपमाळा. मनीषा आणि प्रज्ञा आधीच आलेल्या. प्रज्ञाने तोंडावर हात ठेवला. बेनी दारातून बाहेर आला. डोळे सुजलेले. जवळ येऊन हळू म्हणाला, "सकाळी गेले रे. झोपेतच. मेसेज टाकलेला ग्रुपवर."

मला खोका कुठे ठेवावा कळेना. खाली ठेवता येईना, धरवेना, पळून जाता येईना. इतक्या माणसांत तो गुलाबी रिबीन लावलेला खोका हातात घेऊन मी नुसता उभा. आयुष्यात मला कधी इतकी लाज वाटली नाही. बेनीला मिठी मारायची तर मध्ये खोका!

मावशी ओट्यावर बसलेल्या, बायकांच्या घोळक्यात. त्यांनी हात केला. "नितीन, हिकरं ये."

गेलो. "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं... मी..."

"काय आनलास?"

"केक."

"उघर."

कुणीतरी बाई म्हणाली, "अगो, आता नको." मावशींनी तिच्याकडे बघितलंही नाही. मी झाकण काढलं. मावशींनी दोन्ही नावं वाचली. बोट लावून, अक्षर अक्षर. मग बेनीला म्हणाल्या, "सुरी आन."

बेनीने आणली. मावशींनी नावांच्या बरोबर मधून सुरी घातली, एक चांगला मोठा तुकडा काढला, काचेच्या बशीत ठेवला आणि उठल्या. आतल्या खोलीत अंकलना ठेवलेलं होतं. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

अंगणातली प्रार्थना थांबली. कुणीच कुणाकडे बघेना. मी खोक्याचं झाकण हातात घेऊन उभा.

दार उघडलं. मावशी बाहेर आल्या. बशी रिकामी होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली, पदराने ओठ... नाही, डोळे पुसले आणि म्हणाल्या,

"साखर जरा कमी परली, म्हनतान."