उलटी झडप आणि रत्नागिरीतला रविवार

देवरूखहून रत्नागिरीला जाणाऱ्यांनी मोबाईलचा नकाशा सांगेल त्या वेळेत पाऊण तास मिळवावा. संगमेश्वरपुढे महामार्ग कुठे झालाय, कुठे होतोय, कुठे नुसताच खणून ठेवलाय. शनिवारी सकाळच्या एसटीने निघालो. मांडीवर हत्यारांची पिशवी. रत्नागिरीतल्या एका छोट्या चर्चच्या पाळकांचा फोन आला होता, तीन वर्षं बंद असलेली पायपेटी सुरू करायची होती. तिला शेवटचा हात माझाच लागलेला. पेट्या दुरुस्त करायचं काम मला कोणी शिकवलं नाही. उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो.

पाळक तिशीतले, बाकं पुसत होते. उद्या प्रवचन कशावर, विचारलं.

"विश्वास आणि पश्चात्ताप. तारणाला दोन्ही लागतात."

मी त्यांच्या धर्मातला नाही, पण वाद घालायला आवडतं. "आधी काय?"

"दार उघडेल असा विश्वासच नसेल तर चुकलेला माणूस घराकडे वळेल कशाला? आणि वळलाच नाही, तर त्या विश्वासाचं करायचं काय?"

"बोलायला सोपं," म्हणालो आणि पेटीची मागची फळी काढली.

भात्याच्या भोकावर चामड्याची झडप असते. तिची खरखरीत बाजू लाकडाला टेकली तरच हवा अडते. इथे गुळगुळीत बाजू टेकलेली. शेजारी पेन्सिलने माझी सही.

झडप बसवल्यावर महिन्याभरात तक्रार आली होती, पेटीला दम पुरत नाही. हवा गळली की वाजवणाऱ्याला जोरात पाय मारावे लागतात. पण तेव्हा मी फळी न उघडताच सगळ्या मंडळीसमोर म्हणालो होतो, "पेटी ठीक आहे. बाईच पाय आपटतात, शिलाई मशीनवर बसल्यासारख्या." लोक हसले. बाई म्हणजे एस्तेरबाई, निवृत्त शिक्षिका, तीस वर्षं तिथे वाजवणाऱ्या. त्या पुन्हा पेटीला बसल्या नाहीत. मग विजेवरचा कीबोर्ड आला.

झडप पालटायला दहा मिनिटं लागली. पाळक खूश. "काय झालं होतं?"

"चामडं," एवढंच म्हणालो.

दुपारी मांडवीला एका घरगुती खानावळीत जेवलो. बांगडा ताजा, सोलकढी न मागता दोनदा. जरूर जा. बाईंचं घर तिथून दोन गल्ल्या आत. तासभर किनाऱ्यावर बसलो. गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पेटी वाजली असती, आणि बाई पाय आपटणाऱ्याच राहिल्या असत्या.

दार त्यांनीच उघडलं. "काय ओ मिस्त्री, माझे पाय बघायला आलात?"

उंबऱ्यावरच सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला. तीस वर्षं पाय मारले, हवा गळते ते कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते. तुम्ही ऐकलं नाहीत."

"माफ करा, बाई."

"ते तेव्हाच केलं. त्याशिवाय मला प्रार्थनेला बसवेना. आता आत या, चहा घ्या. आणि उद्या येऊन सगळ्यांसमोर सांगा. हसले होते ते सगळ्यांसमोर."

स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ, पंखा कुरकुरणारा. रविवारी चर्चमध्ये उभा राहिलो. "चूक बाईंच्या पायांची नव्हती, माझ्या हातांची होती." कोणी हसलं नाही.

बाई उठून पेटीपाशी आल्या. स्टूल पुढे सरकवताना मी हळूच विचारलं, "बाई, आधी विश्वास की आधी पश्चात्ताप?"

"मी दोन्ही पाय मारते, मिस्त्री. आधी कुठला, कधी बघितलं नाही. एक थांबला की सूर मेलाच. आणि हवा? ती काय आपण घरून आणतो?"

मग त्यांनी गीत धरलं. पाय अगदी हलके पडत होते.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही, हातखंब्यापर्यंत उभा. देवरूखला दुकान उघडून जुनी वही काढली. त्याच वर्षी त्याच चामड्याच्या आणखी दोन झडपा मी बसवल्या होत्या, एक लांज्याला, एक पावसला. लांज्याला फोन लावला.

"पेटी कशी चालतेय?"

"झकास! तुमच्या हातचं काम ते."

"तरी येतो उद्या," म्हणालो. "उघडून बघायचीय."